दोन मिळतील म्हणाल्या, पण बाई येतील का?

चार वर्षांचं मूल. समोर बशीत एक मार्शमॅलो, म्हणजे कापसासारखी मऊ साखरेची वडी. ‘मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन देईन. नाही राहवलं तर घंटी वाजव, मग ही एकच,’ असं सांगून बाई निघून जातात. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेला हा प्रयोग. मुलांच्या युक्त्या तरी किती! कुणी डोळे झाकून घेई, कुणी गाणं म्हणे, कुणी चक्क झोपायचा प्रयत्न करी. खाऊ झाकून ठेवला की मुलं जास्त वेळ थांबत. ‘हा ढग आहे असं समज,’ म्हटलं तरी थांबत.

पुढे १९९० साली असं प्रसिद्ध झालं, की जास्त थांबलेल्या मुलांना मोठेपणी कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेत जास्त गुण मिळाले. झालं! चौथ्या वर्षीच मुलाचं भविष्य कळतं, असा बोलबाला झाला. आपल्याकडेही हौशी पालकांनी पोरांपुढे चॉकलेटं मांडून पाहिली असतील.

पण थांबायचं ते कुणाच्या भरवशावर? रॉचेस्टर विद्यापीठात २०१३ साली हेच तपासलं गेलं. मुलं अवघी २८. आधी त्यांना जुने खडू देऊन ‘थांबा, छान नवं सामान आणते’ असं सांगितलं. निम्म्यांना ते मिळालं, निम्म्यांना ‘अगं बाई, संपलंच की’ एवढंच ऐकायला मिळालं. स्टिकरच्या बाबतीतही तेच. मग मार्शमॅलो पुढे ठेवला. शब्द पाळला गेलेली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, फसवली गेलेली ३ मिनिटं.

माझी सारी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे मला याचं नवल वाटलं नाही. पिग्मीत रोज दहा रुपये टाकणारी भाजीवाली फार संयमी होती म्हणून टाकत नव्हती. मुदत संपली की पैसे हातात पडतात, हे तिनं पाहिलं होतं. एकदा गावातल्या एका पतसंस्थेनं ठेवी परत करायला टाळाटाळ केली, तर त्याच आठवड्यात आमच्या काउंटरवरही मुदतीआधी ठेवी मोडायला रांग लागली. त्यांना कोण उतावळं म्हणेल?

२०१८ साली नऊशेहून अधिक मुलांची माहिती तपासली गेली, तेव्हा थांबण्याचा आणि पुढच्या गुणांचा संबंध आधीच्या निम्माच निघाला. घरची परिस्थिती आणि आईचं शिक्षण वगैरे हिशेबात धरल्यावर तर तो फारच थोडा उरला.

गंमत म्हणजे मिशेल यांना याचा सुगावा फार आधी लागला होता. स्टॅनफर्डच्या कितीतरी आधी त्यांनी त्रिनिदाद बेटावरच्या मुलांना विचारलं होतं: आज लहान चॉकलेट घेशील, की आठवड्यानं मोठं? ज्यांच्या घरी वडील नव्हते, त्या मुलांचा ओढा आजच्या लहान चॉकलेटकडे अधिक होता. हा निबंध १९५८ साली छापला गेला. गाजली ती मात्र बालवाडीतली बशी.