लालपरीचा रंग किती एमबीचा?

‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ हा मोबाइल गेम इंडोनेशियातल्या मालेओ या कंपनीने २०१७ साली आणला. त्यातले रस्ते तिकडचे, पाट्या तिकडच्या, आणि २०१६च्या डिसेंबरात जगभर गाजलेला ‘तेलोलेट’ हॉर्नही तिकडचाच. तरी उदगीर, भालकी, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यातला एखादा कॉलेजकुमार तो गेम खेळतो तेव्हा जावाच्या घाटातून महाराष्ट्राची लालपरी नाहीतर कर्नाटकाची सरकारी बस धावत असते.

ही किमया मॉडची. मूळ गेममध्ये बाहेरच्या हौशी माणसाने केलेला बदल म्हणजे मॉड. या गेममध्ये तो दोन पातळ्यांवर होतो. नुसता रंग बदलायचा तर लिव्हरी, म्हणजे एक पीएनजी चित्र; अख्खी गाडी बदलायची तर तिचा त्रिमितीय सांगाडा. लिव्हरी करणाऱ्यांची नजर भलती बारीक असते. कलबुर्गीला मुख्यालय असलेलं एसटी महामंडळ २००० सालापासून ‘ईशान्य कर्नाटक’ या नावाने चाललं, २०२१ मध्ये त्याचं ‘कल्याण कर्नाटक’ झालं. शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं. नव्या नावाच्या गाडीवर ‘गुलबर्गा’ अशी पाटी लावली, तर चूक दाखवणारा कोणीतरी भेटतोच.

चित्र गाडीवर बसतं ते शिंप्याच्या बेतासारखं. बसची डावी बाजू, उजवी बाजू, टप, बोनट हे सगळं उलगडून एका चौकोनी कागदावर सपाट मांडलेलं असतं. त्यावर रंगवायचं, मग गेम ते तुकडे गाडीवर चढवतो. सपाट चित्र त्रिमितीय वस्तूवर चढवण्याची ही युक्ती एड कॅटमल यांनी १९७४ साली युटा विद्यापीठातल्या प्रबंधात मांडली होती. हेच कॅटमल पुढे पिक्सार कंपनीच्या संस्थापकांत होते. या चढवलेल्या चित्राला टेक्स्चर म्हणतात, आणि फोन रडतो तो बहुतेक वेळा याच्यामुळे.

गैरसमज सुरू होतो फाइलच्या आकारापासून. डाउनलोड केलेली पीएनजी दीड-दोन एमबीची दिसते, म्हणून ती हलकी वाटते. पण ग्राफिक्स चिपला पीएनजी जशीच्या तशी वाचता येत नाही, ती उलगडून मेमरीत ठेवावी लागते. २०४८ बाय २०४८ पिक्सेलचं चित्र, दर पिक्सेलला चार बाइट, म्हणजे झाले १६ एमबी. तेच चित्र ४०९६चं केलं की ६४ एमबी. बाजू दुप्पट केली की वजन चौपट होतं, आणि ‘फोर-के’ म्हणून मिरवणाऱ्या मॉडची गोम इथेच आहे. एका बसला बाहेरचा रंग, आतल्या सीटा, डॅशबोर्ड, चाकं, काचा अशी पाच-सहा चित्रं लागतात. फोनमध्ये ग्राफिक्सला वेगळी मेमरी नसते, सगळा कारभार एकाच रॅममधून. ती भरली की अँड्रॉइड गेमला सरळ बाहेर काढतं. पोरं म्हणतात, ‘मॉड खराब आहे.’ मॉड खराब नसतो, मडगार्डला फोर-के लावलेलं असतं.

यावर इलाज म्हणजे चिपला थेट वाचता येईल असं कॉम्प्रेशन. कॉम्प्युटरवर डीडीएस फाइलमधले बीसी प्रकार चालतात, मोबाइलवर एएसटीसी. एएसटीसीमध्ये चित्राचे छोटे चौकोन पाडतात आणि चौकोन केवढाही असो, त्याला १६ बाइटच देतात. सहा बाय सहाचे चौकोन घेतले, तर वरचं १६ एमबीचं चित्र पावणेदोन एमबीच्या आसपास येतं. बसच्या लांबलचक लाल पत्र्यावर डोळ्यांना काही फरक कळत नाही.

कळतो तो पाटीवर. कॉम्प्युटरवरच्या बीसी-१ प्रकारात चार बाय चार पिक्सेलच्या चौकोनात दोनच रंग साठवलेले असतात, बाकीचे त्यांच्या मधले. पिवळी पाटी, काळी अक्षरं, भोवती लाल किनार असे तीन रंग एका चौकोनात आले, की एकाचा बळी जातो आणि कडा चिखलासारखी दिसते. त्यात सीमाभागातली पाटी म्हणजे दोन लिप्यांचा मामला. देवनागरीचा अनुस्वार दोन पिक्सेलांचा असतो, तो सगळ्यात आधी उडतो. कन्नडमध्ये जोडाक्षराचा अर्धा भाग अक्षराच्या खाली लोंबतो, तो किनारीत मिसळतो. म्हणून जाणकार पाटी बसच्या मोठ्या चित्रात ठेवतच नाहीत. ५१२ बाय १२८चं वेगळं छोटं चित्र करतात आणि त्याला कॉम्प्रेशन लावत नाहीत. वजन पडतं २५६ केबी. ‘बीदर’मधली वेलांटी वाचते आणि फोनलाही काही पत्ता लागत नाही.

दुसरी युक्ती मिपमॅपची, १९८३ साली लान्स विल्यम्स यांनी मांडलेली. एकाच चित्राच्या निम्म्या, पाव, अष्टमांश अशा लहान होत गेलेल्या प्रती सोबत ठेवायच्या आणि गाडी लांब गेली की लहान प्रत वापरायची. मेमरी एक तृतीयांशाने वाढते, पण लांबच्या बसवरचे पट्टे चमचम करायचे थांबतात आणि चिपचं कामही हलकं होतं. ती मेमरी वाचवायला मिपमॅप काढून टाकणं हा शहाणपणा नव्हे.

गेमसाठी नकाशे बनवणाऱ्यांना मात्र बीदरमध्येच धडा मिळतो. महमूद गवानच्या मदरशाचा (१४७२) जो मिनार आज उभा आहे, त्यावर रंगीत चकाकत्या फरशांची नागमोडी नक्षी आहे. कोणाला हा मिनार गेममध्ये उभारायचा असेल, तर अख्ख्या मिनाराचा फोटो चिकटवायची गरज नाही. कडेला कड जुळेल असा नक्षीचा एक तुकडा घ्यायचा आणि तोच पुन्हापुन्हा लावायचा. जिथे फरशा गळून पडल्या आहेत, तेवढ्याच जागेला वेगळं चित्र. गवानच्या कारागिरांनीही नक्षी अशीच तुकड्यातुकड्यांनी जुळवली होती.

मोबाइलवरून कॉम्प्युटरवर गेलं, की दुसरा घोळ सुरू होतो. प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअरचा ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ ऑक्टोबर २०१२मध्ये आला. त्यात एकाच वेळी कितीही मॉड लावता येतात: बस, नकाशा, आवाज, रहदारी, पाऊस. दोन मॉडनी एकच फाइल बदलली, तर जिंकणार कोण? या गेमच्या मॉड मॅनेजरमध्ये यादीत वर असलेला. म्हणून नकाशे खाली ठेवायचे आणि छोटे, नेमका बदल करणारे मॉड वर.

हीच सवय घेऊन कोणी २०११च्या ‘स्कायरिम’ या गेमकडे गेला, की फसला. तिथे उलटा न्याय, मागून लोड होणारा जिंकतो. शिवाय तिथे याद्या दोन. प्लगिनचा, म्हणजे गेममधल्या वस्तू आणि नियम बदलणाऱ्या फाइलींचा क्रम एक, आणि टेक्स्चरसारख्या फाइलींचा दुसरा. प्लगिन कितीही खाली सरकवा, दोन मॉडमधल्या सुट्या चित्रांचं भांडण त्याने मिटत नाही. आणि सुटं चित्र असलं, तर ते एका मोठ्या फाइलमध्ये पेटीबंद केलेल्या चित्रावर मात करतंच. प्लगिनचा क्रम लावून देणारं ‘लूट’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, चांगलं आहे. पण कोणती भिंत कोणाच्या डोळ्यांना बरी दिसते, हे त्याला ठरवता येत नाही.

गेम उघडताच बंद पडत असेल, तर एकेक मॉड काढत बसणं हा वेळेचा खून आहे. यादीतले निम्मे बंद करावेत. गेम चालला तर दोषी बंद केलेल्यांत, नाहीतर उरलेल्यांत. एकच मॉड दोषी असेल, तर शंभरातून तो सात फेऱ्यांत सापडतो. त्याआधी ट्रकच्या गेममध्ये डॉक्युमेंट्सच्या फोल्डरमधली ‘गेम डॉट लॉग’ ही मजकुराची फाइल उघडून शेवटच्या ओळी वाचाव्यात, कित्येकदा मॉडचं नाव तिथेच असतं. लोक वाचत मात्र नाहीत. सेव्ह केलेल्या गेमची प्रतही आधी काढून ठेवावी, कारण अर्ध्या खेळातून काढलेला मॉड जाताना सेव्हही घेऊन जाऊ शकतो.

मोबाइलवाल्यांनी आणखी एक पाहावं. लिव्हरी हे नुसतं चित्र असतं, ते गेममध्ये बसवायला वेगळं ॲप लागत नाही. टेलिग्रामवरून उतरवलेल्या लिव्हरीच्या झिपमधून एपीके, म्हणजे ॲप बसवणारी फाइल निघाली, तर ती उघडू नका, तशीच डिलीट करा.