जुन्या स्पायडरमॅनचं काय झालं?

मैत्रिणींनो, सुपरहिरोंच्या सिनेमावर मी लिहितेय म्हटल्यावर घरात सगळे हसले. ‘काकू, तुला त्यातलं काय कळतं गं?’ इति पुतण्या. खरं आहे, मारामारी सुरू झाली की मी भाजी निवडायला घेते. पण या सिनेमांतला एक प्रश्न माझ्या घरातही येऊन गेलाय. चालत आलेली गोष्ट पुढे न्यायची, की पाटी पुसून पुन्हा श्रीगणेशा करायचा?

पाटी पुसण्याला सिनेमावाले ‘रीबूट’ म्हणतात. अडकलेला कॉम्प्युटर बंद करून परत चालू करतो ना, तसं.

आमच्या घरात राज्य स्पायडरमॅनचं. आईबापाविना वाढलेला पीटर पार्कर, त्याला सांभाळणारे बेनकाका आणि मेकाकू. कोळी चावतो आणि पीटरला ताकद येते. ज्या चोराला तो ‘मला काय त्याचं’ म्हणून जाऊ देतो, त्याच्याच हातून काका जातात. ताकद आली की जबाबदारीही येते, हा धडा त्याला असा मिळतो. सॅम रेमी या दिग्दर्शकाने २००२, २००४ आणि २००७ मध्ये यावर तीन चित्रपट काढले. पीटर होता टोबी मग्वायर. मला मात्र लक्षात राहिली ती रोझमेरी हॅरिसने केलेली मेकाकू. दुसऱ्या भागात तिला बँक कर्ज नाकारते, घर सोडायची वेळ येते, तरी बाई ताठ उभी. विधवेचा संसार काय असतो, ते त्या उड्यांच्या सिनेमात दिसलं.

२००९ मध्ये माझे धाकटे दीर अपघातात गेले. पुतण्या सात वर्षांचा. टीव्हीवर हिंदीतला स्पायडरमॅन लागला की हा समोर बसायचा. बापाविना मुलगा आणि काकू! तो काय शोधत होता, ते मला तेव्हा कळलं नाही.

दोन वर्षांनी धाकट्या जाऊबाईंसाठी स्थळ आलं. ‘जुनं विसर, नव्याने सुरुवात कर,’ असं तिला सांगणाऱ्यांत मी पहिली. पाहुणे येणार म्हणून भिंतीवरचा दिरांचा फोटो मीच काढून कपाटात ठेवला. त्यांना अवघडल्यासारखं व्हायला नको, एवढाच हेतू. लग्न झालं, जाऊ नव्या घरी गेली, मुलगा शाळेसाठी आमच्याकडे राहिला. फोटो परत लावायचं राहूनच गेलं. खरं सांगू? मी लावलाच नाही.

तिकडे सिनेमातही तसंच चाललं होतं. तिसऱ्या भागाने पहिल्या दोघांपेक्षा जास्त गल्ला जमवला होता, चौथ्याची तयारीही होती. पण ठरलेल्या तारखेपर्यंत मनासारखी पटकथा होईना आणि जानेवारी २०१० मध्ये सोनी कंपनीने तो चौथा भाग रद्द करून रीबूट जाहीर केला. २०१२ मध्ये ‘द अमेझिंग स्पायडरमॅन’ आला. नवा पीटर अँड्र्यू गारफिल्ड, नवी मेकाकू सॅली फील्ड. पुन्हा कोळी चावला, पुन्हा काका गेले.

जिल्ह्याच्या गावी आम्ही तो बघितला. परत येताना एस.टी.त पुतण्याने विचारलं, ‘काकू, जुन्या स्पायडरमॅनचं काय झालं? तो मेला का?’ मी म्हटलं, ‘अरे, आता हाच.’ तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, ‘बाबांचा फोटो पण तसाच काढला ना?’

काय उत्तर देणार होते मी?

आता कुणी म्हणेल, नवी सुरुवात वाईटच का? मुळीच नाही. १९९७ मधला ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ इतका फसला, की तीच गाडी ढकलण्यात अर्थ नव्हता. २००५ मध्ये ख्रिस्तोफर नोलनने ‘बॅटमॅन बिगिन्स’मध्ये पहिल्यापासून सुरुवात केली आणि बॅटमॅनला पुन्हा उभं केलं. आमच्या महिला सल्ला केंद्रात मार खाऊन आलेल्या बाईला ‘चालू दे पुढे’ असं मी कधीच सांगणार नाही. नासलेलं दूध टाकावंच लागतं. पण रेमीचा स्पायडरमॅन नासला नव्हता. माझे दीरही तसे नव्हते.

गारफिल्डचाही २०१४ च्या दुसऱ्या भागानंतर खेळ संपला. तिसरा पीटर, टॉम हॉलंड, २०१६ मध्ये आला. २०१७ च्या ‘होमकमिंग’मध्ये मात्र कोळी चावण्याची नि काका जाण्याची कथा पुन्हा उगाळली नाही. प्रेक्षकांना ती ठाऊक होती.

आणि डिसेंबर २०२१ मध्ये आला ‘नो वे होम’. पुतण्या तेव्हा कॉलेजला. ‘काकू, चलच,’ म्हणून घेऊन गेला. यातली मेकाकू, मरिसा टोमे, बेघरांसाठीच्या संस्थेत काम करते. मला ती आपल्यातलीच वाटली. जबाबदारीचा तो धडा इथे काका नाही, काकू देते. आणि तीच जाते. पीटर कोसळलेला असताना पडद्यावर जुने दोघे येतात, मग्वायर आणि गारफिल्ड. थेटरात शिट्ट्यांचा पाऊस! पण ते दोघे नव्याची जागा घ्यायला आलेले नसतात. ‘आम्हीही माणसं गमावलीत,’ एवढंच सांगून ते त्याच्या शेजारी उभे राहतात. शेवटी सारं जग पीटरला विसरतं, तो एका खोलीत एकट्याने सुरुवात करतो. तरी काकूच्या थडग्यापाशी जाऊन आल्याशिवाय नाही.

शेजारी पुतण्या डोळे पुसत होता. मीही.

या चित्रपटाने जगभरात सुमारे १९० कोटी डॉलर कमावले. मला वाटतं, लोकांनाही हेच हवं होतं. नवं जरूर करा, पण जुनं नव्हतंच असं भासवू नका. २०२३ मध्ये तर स्पायडरमॅनचा कार्टूनपट मराठीतही आला आणि त्यात भारतीय पवित्र प्रभाकर झळकला. त्यालाही मायाकाकू आहेच!

त्या रात्री घरी आल्यावर मी कपाट उघडलं, फोटो पुसला आणि जुन्याच खिळ्याला लावला. पुढच्या रविवारी जाऊ आली, तिच्या नव्या यजमानांसह. सगळ्यांत आधी त्यांनीच फोटोला हात जोडले.

दहा वर्षं मी उगीचच घाबरले होते. तुमच्या कपाटात आहे का गं असा एखादा फोटो?