कासव क्रमांक ०३२३३

रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरच्या पुळणीवर २७ जानेवारी २०२५ रोजी ऑलिव्ह रिडले जातीची एक मादी अंडी घालण्यासाठी आली. तिच्या वल्ह्यासारख्या पुढच्या पायाला धातूची एक छोटी पट्टी अडकवलेली होती आणि तिच्यावर क्रमांक होता ०३२३३. किनाऱ्यावर गस्त घालणाऱ्यांनी तो टिपून घेतला. चौकशीअंती असे कळले, की भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ही पट्टी मार्च २०२१ मध्ये ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर बसवली होती. तेव्हाही ती अंडी घालण्यासाठीच आली होती.

ओडिशात अशा हजारो कासवांना पट्ट्या बसवल्या गेल्या आहेत. पट्टी स्वतः काहीच करत नाही. तिच्यात बॅटरी नसते, तारा नसतात. कुठेतरी कुणीतरी ती पाहिली, क्रमांक नीट वाचला आणि योग्य जागी कळवला, तरच तिचा उपयोग. म्हणजे या प्रयोगाचे अर्धे उपकरण शास्त्रज्ञाच्या हातात असते आणि उरलेले अर्धे हजारो किलोमीटरच्या किनाऱ्यावरील माणसांच्या डोळ्यांत!

कोकणात असे डोळे एका दिवसात तयार झालेले नाहीत. मंडणगड तालुक्यातील वेळास हे नाना फडणविसांचे गाव. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेचे कार्यकर्ते २००२ साली समुद्री गरुडांच्या घरट्यांची पाहणी करत या भागात फिरत होते, तेव्हा त्यांना येथे कासवांच्या अंड्यांची टरफले दिसली. त्या काळी ही अंडी माणसे नेत, कुत्री-कोल्हे उकरून काढत. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी सुरक्षित जागी हलवण्याचे काम सुरू केले. २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावातल्याच घरांत उतरतात, तेथेच जेवतात आणि पिल्ले समुद्रात जाताना पाहतात. किनाऱ्यावरच्या गावांतून आता 'कासवमित्र' म्हणून काम करणारी मंडळी आहेत. पहाटेच्या अंधारात वाळूतला माग पाहून, मादी अंडी घालून गेली की नुसतीच वर येऊन परतली, हे ती सांगू शकतात. ही विद्या आम्हां संशोधकांना प्रयोगशाळेत बसून मिळाली नसती.

आता त्या क्रमांकाकडे वळू. 'कासवाचा साडेतीन हजार किलोमीटरचा प्रवास' अशी बातमी झाली. पण शास्त्रज्ञाच्या वहीत नोंदी किती? दोन. एक गहिरमाथ्याची, दुसरी गुहागरची. दोहोंमध्ये जवळजवळ चार वर्षे. आपल्या वर्गातील एखादा मुलगा इयत्ता सहावीत रत्नागिरीत दिसला आणि दहावीत नागपुरात, म्हणून मधल्या काळात तो फक्त रत्नागिरी-नागपूर एवढेच अंतर चालला असे कुणी म्हणणार नाही. ३,५०० किलोमीटर हे दोन किनाऱ्यांमधले समुद्रमार्गाचे अंदाजे अंतर आहे, कासवाने कापलेले अंतर नव्हे. मधल्या काळात ते कुठे कुठे फिरले, हे पट्टी सांगू शकत नाही.

त्यासाठी वेगळे साधन लागते. भारतीय वन्यजीव संस्था आणि महाराष्ट्राचे कांदळवन प्रतिष्ठान यांनी २०२२ च्या आरंभी रत्नागिरी किनाऱ्यावरील पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रे चिकटवली. वेळासची पहिली म्हणून तिचे नाव 'प्रथमा', आंजर्ल्याची 'सावनी' आणि गुहागरच्या 'लक्ष्मी', 'वनश्री' व 'रेवा'. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरलाच 'बागेश्री' आणि 'गुहा' यांची भर पडली.

हे यंत्र आपली जागा कशी कळवते? रेडिओलहरी खाऱ्या पाण्यातून फार जात नाहीत. म्हणून कासव श्वास घेण्यासाठी वर आले, की तेवढ्यापुरतेच यंत्र संदेश सोडते. वरून जाणारा उपग्रह सेकंदाला सुमारे सात किलोमीटर वेगाने धावत असतो. कोकण रेल्वेची गाडी न थांबता स्टेशनातून शिट्टी वाजवत गेली, की जवळ येताना शिट्टीचा स्वर चढा आणि दूर जाताना उतरता ऐकू येतो. हाच तो डॉप्लर परिणाम. येथे फरक इतकाच, की शिट्टी जवळजवळ एका जागी असते आणि ऐकणारा धावत असतो. संदेशाची कंप्रता कशी बदलत गेली, यावरून कासवाची जागा काढतात. कासव क्षणभरच वर येत असल्याने हाती येणारे संदेश थोडे असतात, आणि मग जागेत काही किलोमीटरचीही चूक राहू शकते. नकाशावर कधी कधी कासव चक्क जमिनीवर दिसते ते यामुळे!

या कासवांचे ठावठिकाणे वेळोवेळी जाहीर होत गेले आणि लोकांनी ते आवडीने वाचले. पुढे बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली, तेव्हा कौतुकही झाले. पण पहिल्या पाचांपैकी लक्ष्मीचे यंत्र लवकरच मुके झाले आणि मागाहून इतरांचीही. साहजिकच प्रश्न येतो : कासव मेले काय? याचे खरे उत्तर, सांगता येत नाही, हेच आहे. यंत्र निखळले असेल, त्याच्यावर शेवाळ किंवा शंखशिंपले चढले असतील, अँटेना मोडली असेल, बॅटरी संपली असेल किंवा कासव जाळ्यातही सापडले असेल. यातले कोणते हे शांततेवरून ओळखता येत नाही. आपले काम लोकांपुढे मांडताना आम्हां मंडळींना हीच जागा सर्वात अवघड वाटते. प्रवास सांगायला सगळ्यांनाच आवडते. मौनाचा अर्थ सांगताना मात्र तोंडातून 'बहुधा' आणि 'कदाचित' हेच शब्द निघतात, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. तरी ते सांगितले पाहिजे.

याहून नाजूक गोष्ट पुढेच आहे. 'जिथे जन्म झाला त्याच किनाऱ्यावर मादी अंडी घालायला परत येते', असे किनाऱ्यावरच्या पाहुण्यांना अनेकदा सांगितले जाते. गावकऱ्यांना ते आम्हीच, म्हणजे शास्त्रज्ञांनी आणि पुस्तकांनी, सांगितले. ०३२३३ ने गहिरमाथा आणि गुहागर या दोन्ही ठिकाणी अंडी घातली. तिचा जन्म फार तर यांपैकी एका ठिकाणी झाला असेल. मग दुसरे ठिकाण तिचे जन्मस्थान नक्कीच नव्हे! विद्यार्थ्यांना हा तर्क फळ्यावर दोन ओळींत करून दाखवता येईल. याचा अर्थ जुना नियम खोटा ठरला असा नव्हे. अनुवंशशास्त्रीय अभ्यासांवरून कासवे जन्मप्रदेशाकडे परततात याला आधार मिळतो. परंतु 'प्रदेश' आणि 'तीच पुळण' यांत पुष्कळ अंतर आहे, आणि सर्व कासवे सारखीच काटेकोर नसतात. एका मादीवरून नवा नियमही बांधता येत नाही. तेव्हा ज्यांनी हा क्रमांक वाचला, त्यांच्याकडे जाऊन 'तुम्ही पाहुण्यांना सांगता त्या वाक्यात आता थोडी दुरुस्ती करावी लागेल' असे सांगणे शास्त्रज्ञांचे देणे लागते. नुसते 'अभिनंदन' कळवून भागणार नाही.

हजारातले एकच पिल्लू वयात येते, या नेहमीच्या वाक्याचेही तसेच. तो एक ढोबळ अंदाज आहे. समुद्रात गेलेली पिल्ले कुणी मोजत बसलेले नाही.

डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, की पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही करून पाठवीन. यात प्रश्न मुलाचा असे, हे महत्त्वाचे. नाहीतर व्याख्यानात प्रश्नही आम्हीच विचारतो आणि उत्तरेही आम्हीच देतो.

किनाऱ्यावर विचारण्याजोगा एक प्रश्न तापमानाचा आहे. कासवाचे पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उबेवर ठरते. साधारण २९ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्ही निपजतात. त्याहून ऊब वाढली की माद्या वाढतात. मग हलवलेल्या घरट्यांवर सावली करावी काय? किती? अंडी मुळात हलवावीत की जागीच राखावीत? याबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत आणि ते गावकऱ्यांपासून लपवण्याचे कारण नाही.

शाळेत करता येईल असा भाग सांगतो. रत्नागिरी शहराच्या एका बाजूला काळा समुद्र, तर दुसऱ्या बाजूला पांढरा समुद्र. नावे वाळूच्या रंगावरून पडली. दोन्हींकडील थोडी वाळू दोन सारख्या डब्यांत भरून उन्हात ठेवावी आणि वरच्या थरात व तळाशी दर तासाला तापमान घ्यावे. तापमापक बाहेर काढला की पारा लगेच उतरू लागतो. म्हणून तो प्लॅस्टिकच्या नळीत ठेवून चटकन वाचावा. पुळणीवर जाता आले, तर घरट्याच्या खोलीएवढा म्हणजे सुमारे दीड फूट खोल खड्डा उन्हात एक आणि सुरूच्या सावलीत एक असा घेऊन, पहाटे व दुपारी मोजून पाहावे. मात्र खऱ्या घरट्याजवळ जाऊ नये. कासव आणि त्याची अंडी यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. आकडे तारीख-वेळेसह वहीत ठेवावेत आणि गावात कासवमित्र असतील तर त्यांना दाखवावेत. दिवसा व रात्री वरची वाळू कितीतरी बदलते, तर दीड फुटांवर फारच थोडी, हे मुलांच्या पहिल्याच दिवशी ध्यानात येईल, आणि मादी एवढा खोल खड्डा का करते हे ती आपणहून विचारतील.