सहा आठवड्यांचा मुक्काम

गेली वीस-बावीस वर्षे उन्हाळ्याच्या सुट्टीत भरणाऱ्या लेखन-शिबिरांच्या निवास-समितीचे काम माझ्याकडे येत राहिले आहे, आणि त्यामुळे एखाद्या साहित्यिक चळवळीचा इतिहास वाचताना, तिने कोणते ग्रंथ दिले या प्रश्नाच्याही आधी, ती माणसे उतरली कोठे, जेवली कोठे आणि आपापल्या गावाहून तेथवर पोहोचली कशी, हे प्रश्न माझ्या मनात उभे राहतात. बहुतेक इतिहासकारांना या गोष्टी कारकुनी वाटतात. खोल्यांच्या किल्ल्या, गाद्यांची मोजदाद, बसच्या वेळा हा मजकूर दप्तरात जातो आणि दप्तर पुढे रद्दीत जाते. क्लॅरियन नावाच्या अमेरिकन कार्यशाळेचा अर्धशतकाहून अधिक काळाचा प्रवास मात्र असा आहे की, त्यातून मुक्काम आणि वाट या दोन गोष्टी वगळल्या तर मागे सांगण्यासारखे फारच थोडे उरेल.

या कार्यशाळेचे मूळ एका नदीकाठच्या गावात आहे. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या पूर्व सीमेवर डेलावेअर नदीच्या तीरी मिलफर्ड नावाचे लहानसे गाव असून तेथे १९५६ पासून डेमन नाइट, ज्यूडिथ मेरिल आणि जेम्स ब्लिश यांच्या पुढाकाराने विज्ञानकथाकारांची एक परिषद भरू लागली. आलेले सर्व लेखक हे ज्यांच्या कथा प्रसिद्ध होऊन ज्यांना मोबदला मिळू लागला आहे असेच असत. ते वर्तुळाकार बसत, प्रत्येकाने आणलेल्या हस्तलिखितावर बाकीचे एकामागून एक आपले मत देत आणि ज्याची कथा असेल त्याने सर्वांचे बोलून होईपर्यंत मौन पाळावे असा शिरस्ता होता. पुढे नाइट आणि त्याची पत्नी केट विल्हेल्म यांचे मिलफर्डमधील प्रशस्त जुने घर हेच या मेळाव्याचे ठिकाण झाले. घर यजमानांचे, पाहुणे समव्यवसायी आणि मुक्काम मोजक्या दिवसांचा. अशा वेळी निवासाची तजवीज हा प्रश्नच नव्हता, ती सरबराई होती.

प्रश्न उभा राहिला तो १९६८ साली. मिलफर्डच्या परिषदेला हजर राहून आलेल्या रॉबिन स्कॉट विल्सन या इंग्रजीच्या प्राध्यापकाला असे वाटले की, जी पद्धत सिद्धहस्त लेखकांना उपयोगी पडते ती उमेदवारांनाही पडावी. आणि त्याने राज्याच्या पश्चिम भागात, पिट्सबर्गपासून सुमारे १३० किलोमीटरवर, डोंगराळ प्रदेशातील क्लॅरियन या गावी, आपल्याच महाविद्यालयात उन्हाळी वर्ग काढला. शिकवण्यासाठी नाइट, विल्हेल्म, मेरिल यांच्यासह फ्रिट्झ लायबर आणि हार्लन एलिसन आले. नवोदितांना आपल्या घरी ठेवून घेण्याइतके घर कोणाचे असते? महाविद्यालयाजवळ मात्र उन्हाळ्यात रिकामी पडणारी वसतिगृहे होती, आणि माझ्या मते या साऱ्या कल्पनेची खरी कोनशिला हीच आहे. सुट्टी लागली की विद्यार्थी घरी जातात, खोल्या ओस पडतात, भोजनगृहाच्या चुली थंडावतात, आणि संस्थेला त्या वास्तूचे भाडे आले तर हवेच असते. त्या रिकामपणाच्या आधारावरच सहा आठवड्यांचा निवासी वर्ग परवडू शकतो. ऋतू आधी ठरला आणि अभ्यासक्रम मागाहून त्याच्या मापाने बेतला गेला, असे म्हटले तर मला ते अतिशयोक्त वाटत नाही.

वसतिगृहाने दिलेली दुसरी गोष्ट पैशात मोजता येत नाही. या वर्गात शिक्षक आठवड्याला एक याप्रमाणे पालटत, आणि अखेरचे दोन आठवडे बहुधा नाइट व विल्हेल्म या दांपत्याकडे असत; परंतु जो शिक्षक ज्या आठवड्यात येई तो विद्यार्थ्यांच्याच इमारतीत, त्यांच्यासारख्याच खोलीत राही. सकाळी मंडळात बसून चर्चा, दुपारी आणि रात्री उद्याच्या हस्तलिखितांचे वाचन व स्वतःचे लेखन, असा दिनक्रम असल्यामुळे भिंतीपलीकडे टंकलेखनयंत्र मध्यरात्रीनंतरही चालू आहे हे ऐकणे, आणि ते ऐकून आपणही पुन्हा यंत्राशी जाऊन बसणे, हा शिक्षणाचाच भाग होई. ज्याच्या कथेची सकाळी निर्दयपणे चिकित्सा केली त्याच्याच शेजारी दुपारी ताट घेऊन बसावे लागते, रात्री त्याच मार्गिकेत त्याची गाठ पडते. अशा सहवासात टीकेला आपोआप जबाबदारी येते, कारण बोलून निघून जाण्याची सोयच नसते. उकाड्याने आणि जागरणाने शिणलेली ही प्रौढ मंडळी खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी एकमेकांना भिजवीत मार्गिकांतून धावत, आणि पुढे ती या कार्यशाळेची परंपराच झाली. एकत्र जेवण आणि एकत्र जागरण यांनी जे साधते ते आपल्याकडच्या वारकऱ्याला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. दिंडीतील माणसे वाटचालीने जितकी एक होतात तितकीच मुक्कामाने होतात.

आता वाटेविषयी. १९७० साली, म्हणजे क्लॅरियन गावातील तिसऱ्या आणि अखेरच्या उन्हाळ्यात, कॅलिफोर्नियातील पॅसादिना येथून तेवीस वर्षांची एक कृष्णवर्णीय तरुणी या वर्गासाठी निघाली. वडील लहानपणीच गेलेले, आई लोकांच्या घरी धुणीभांडी-केरवारे करून संसार चालवणारी, आणि मुलगी उंच, अबोल, अतिशय संकोची. तिचे नाव ऑक्टाव्हिया बटलर. लॉस एंजेलिसमधील एका लेखन-वर्गात एलिसनने तिचे लेखन पाहिले होते. क्लॅरियनला जा असा आग्रह त्याने धरला आणि खर्चाला काही मदतही केली. विमानाचा विचार नव्हता; ग्रेहाउंड कंपनीच्या बसने, स्थानकामागून स्थानक ओलांडीत, बसल्या आसनावर झोप घेत, ती अमेरिका खंडाच्या पश्चिम टोकापासून जवळजवळ पूर्वेपर्यंत गेली. तेथे सॅम्युअल डिलेनी हाही त्या वर्षीच्या शिक्षकांत होता. त्या सहा आठवड्यांत तिच्या दोन कथा स्वीकारल्या गेल्या: एक एलिसनने आपल्या संग्रहासाठी घेतली, दुसरी विल्सनने, आणि त्यानंतर तिची पहिली कादंबरी १९७६ साली प्रसिद्ध होईपर्यंत तिला पुष्कळ काळ उमेदवारीत आणि मिळेल ती कामे करीत काढावा लागला.

मी या प्रवासावर थोडा रेंगाळतो, कारण पुढे मॅकआर्थर पाठ्यवृत्तीचा मान मिळवलेल्या या लेखिकेच्या चरित्रात बस ही सोय म्हणून नव्हे, स्वभाव म्हणून येते. ती कधी मोटार चालवीत नसे. आपल्या एका ऐतिहासिक कादंबरीच्या अभ्यासासाठी मेरीलँडमधील जुन्या गुलामगिरीच्या मळ्यांचा प्रदेश पाहायला गेली तीही ग्रेहाउंडनेच. वसतिगृहात एक खोली आणि भोजनगृहात एक जागा तिच्या नावाने राखून ठेवलेली आहे एवढी खातरजमा नसती, तर त्या लांबच्या बसमध्ये बसण्याचे धैर्य तिला झाले असते का? मला तसे वाटत नाही. ज्याच्या गाठीशी पैसा आहे तो परगावी उतरल्यावर सोय पाहू शकतो. ज्याच्याजवळ परतीच्या भाड्यापुरतेच आहे त्याला निघण्यापूर्वी मुक्काम ठाऊक असावा लागतो.

यानंतर कार्यशाळाच प्रवासाला निघाली. १९७१ साली ती न्यू ऑर्लिन्सच्या ट्यूलेन विद्यापीठात भरली आणि १९७२ पासून मिशिगन राज्य विद्यापीठाच्या आश्रयाला, ईस्ट लान्सिंग येथे गेली. तेथे तिने तीन तपांच्या जवळपास काळ काढला. १९७० च्या वर्गातील व्होंडा मॅकिंटायर हिने परत गेल्यावर लगेच पुढच्याच वर्षी सिअ‍ॅटल येथे क्लॅरियन वेस्ट सुरू केली. ती तीन उन्हाळे चालून बंद पडली आणि १९८४ साली पुन्हा उभी राहिली. नाइट आणि विल्हेल्म १९७० नंतरच्या दशकात ओरेगनमधील युजीन येथे राहावयास गेल्यावरही अर्धा देश ओलांडून दर उन्हाळ्यास मिशिगनला येत राहिले. सत्तावीस वर्षांच्या त्या अनुभवावर विल्हेल्मने २००५ साली पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्यात कथेच्या घडणीइतक्याच आस्थेने त्या खोल्या, तो उकाडा व ती रात्रपाळी यांना स्थान दिले, याचा मला विशेष आनंद आहे. ज्यांनी ते जगले त्यांनाही या गोष्टी दुय्यम वाटल्या नाहीत याचा तो दाखलाच होय. २००७ साली मूळ कार्यशाळेचा मुक्काम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील परिसरात, पॅसिफिकच्या कड्यांजवळ, हलला. पेनसिल्व्हेनियातील त्या गावाशी आता तिचा संबंध केवळ नावाचा राहिला आहे.

गाव बदलले की पोटापाण्याची व्यवस्थाही बदलते. महाविद्यालयाच्या खाणावळीत ठराविक वेळेला ठराविक पदार्थ मिळत. तेथे निवडीला वाव नसला तरी चुकायलाही वाव नसतो. जेथे खाणावळ नसते आणि खोल्यांना स्वयंपाकघरे असतात तेथे मंडळी आळीपाळीने रांधतात, आणि मग कोण काय खात नाही याची यादी व्यवस्थापकाला कथांच्या यादीइतक्याच काळजीने राखावी लागते. पुण्यात वार लावून जेवलेल्या विद्यार्थ्यांच्या आठवणी ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना यातील मर्म कळेल: विद्या कोठे मिळते हे जितके महत्त्वाचे, तितकेच मंगळवारी कोणाच्या पंक्तीला बसायचे हेही.

भारतातून जाणाऱ्यांच्या वाटेवर आणखी एक मुक्काम असतो, तो परवान्याचा. निवड झाल्याचे पत्र हाती आल्यावर अमेरिकन वकिलातीची मुलाखत, बँकेतील शिलकीचा दाखला, परत येण्याच्या इराद्याची कैफियत, आणि मुंबईच्या माणसासाठी पूर्वी ब्रीच कँडीची व २०११ नंतर वांद्रे-कुर्ला संकुलातील रांग. बटलर २००६ साली वारल्यानंतर कार्ल ब्रँडन सोसायटीने तिच्या नावे पाठ्यवृत्ती ठेवली, ती गौरेतर लेखकांना या दोन कार्यशाळांना जाता यावे म्हणून. कोलकात्याचा इंद्रप्रमित दास २०१२ साली आणि मिमी मंडल २०१५ साली याच पाठ्यवृत्तीवर सिअ‍ॅटलला जाऊन आले. बसने खंड ओलांडणाऱ्या त्या मुलीच्या नावाने दुसऱ्या कोणाचे तरी भाडे आणि खोली भागावी, याहून तिचे उचित स्मारक मला सुचत नाही.

आपल्या भाषेत विज्ञानकथा वाढली ती निराळ्या वाटेने. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ साली जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. आपल्याकडे प्रवास हस्तलिखिताने केला, लेखक आपापल्या गावीच राहिला. टपालाच्या या परंपरेने मोठे काम केले हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. परंतु टपाल निकाल आणून देते, शेजार देत नाही. साहित्य-संमेलनांच्या स्वागत-समित्या निवासाची आणि भोजनाची चोख व्यवस्था करीत आल्या आहेत, मात्र तेथील दोन-तीन दिवस भाषणांत जातात. २००९ च्या उन्हाळ्यात अनिल मेनन, वंदना सिंग आणि सुचित्रा माथुर यांनी कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत तीन आठवड्यांची विज्ञानकथा-लेखन कार्यशाळा घेतली. मेनन स्वतः सिअ‍ॅटलच्या वर्गातून २००४ साली शिकून आलेले होते. कानपूरच्या उन्हाळ्यातही तीन आठवडे एका आवारात राहून लिहिता येते, हे त्यांनी करून दाखवले. मराठीत तसे काही दीर्घ मुदतीचे व्हावे, ही माझी फार दिवसांची उत्कंठा आहे.

२०२० च्या साथीत वसतिगृहे बंद झाली आणि निवासी वर्ग स्थगित झाले. सिअ‍ॅटलच्या मंडळींनी पुढे पडद्यावर वर्ग भरवला. ज्यांना परवाना मिळत नाही, ज्यांना घरच्या वृद्धांना सोडून सहा आठवडे जाता येत नाही, अशा कित्येकांना त्याने दार उघडले, आणि ते दार पुन्हा लावून घेऊ नये असे माझे मत आहे. तरीही पडदा मिटल्यावर प्रत्येकजण आपल्या खोलीत एकटा उरतो, आणि जी मार्गिका मी वर वर्णिली ती तेथे नसते.

माझा हा सारा जिव्हाळा एका चुकीतून आला आहे, ती सांगितली पाहिजे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतील एका पाच दिवसांच्या शिबिरात यजमान संस्थेने मुलांचे वसतिगृह दिले, मुलींचे दुरुस्तीसाठी बंद होते, आणि स्त्रिया जवळपासच्याच असल्याने जाऊन-येऊन करतील असे मी गृहीत धरले. त्यांत सत्तर किलोमीटरवरच्या गावाहून येणारी एक शिक्षिका होती. तिसऱ्या दिवशी तिच्या कथेची पाळी संध्याकाळी आली. कथा तिने वाचली, पहिले दोन अभिप्राय ऐकले, आणि शेवटची एसटी साडेपाचला सुटत असल्यामुळे ती वही मिटून, सर्वांना नमस्कार करून उठली. तिच्या मागे अर्धा तास आम्ही तिच्या कथेवर बोललो. चांगले बोललो, कथा तशीच होती. चौथ्या दिवशी ती आली नाही.

तेव्हापासून शिबिराची तारीख मुक्रर होण्यापूर्वी मी प्रथम स्त्रियांच्या वसतिगृहाच्या किल्ल्या स्वतः मोजून ताब्यात घेतो, आगारात जाऊन प्रत्येक तालुक्याच्या शेवटच्या गाडीची वेळ लिहून आणतो, आणि कार्यक्रमपत्रिका छापायला देताना तो कागद तिच्या शेजारी ठेवतो. यंदाच्या यादीत स्त्रियांच्या अकरा खोल्या आहेत. बारावीसाठी पत्र पाठवले आहे, उत्तर यायचे आहे.