बाईकच्या टाकीतला गंज कसा काढायचा आणि या कामाचे किती पैसे घ्यायचे?



टाकीच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली: "सर, हे काम गॅरेजमध्ये सर्व्हिस म्हणून चालेल का?" चालेल. पण आधी माझी एक चूक ऐका, कारण या कामात पैसे कुठे मिळतात आणि कुठे बुडतात, हे मी त्या चुकीतूनच शिकलो.

मुलुंडला दुकान सुरू करून वर्षच झालं होतं. भांडुपचे एक काका त्यांची आरएक्स १०० घेऊन आले. ही गाडी १९९६ मध्ये बंद झाली, म्हणजे ओरिजिनल टाकी मिळणं किती कठीण ते समजून घ्या. टाकीत गंज होता. मी सहाशे रुपये सांगितले आणि घाईत संडास साफ करायचं ॲसिड टाकून टाकी रात्रभर ठेवली. सकाळी आतून टाकी चकाचक! पाण्याने धुतली, तर खालच्या जोडाजवळून चार ठिकाणी थेंब गळायला लागले. कुर्ल्याच्या जुन्या पार्ट्सच्या बाजारात दुसरी टाकी शोधली, रंग करून दिली. सहाशेच्या कामात आठ हजार गेले. काका ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "मला आधी सांगायचं होतंस ना, असं होऊ शकतं म्हणून." ते वाक्य अजून लक्षात आहे.

टाकी गंजते का?

टाकी लोखंडी पत्र्याची. अर्धी रिकामी असेल तर वरच्या जागेत हवा असते. आपल्याकडे पावसाळ्यात ती हवा दमटच. दिवसा टाकी तापते, रात्री थंड होते, आणि आतल्या बाष्पाचं पाणी होतं. झाकणाचं रबर जुनं असेल तर पावसाचं पाणीही आत झिरपतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून तळाशी जाऊन बसतं. म्हणून भोक पडतं ते बहुतेक वेळा खालीच.

आता पेट्रोलमध्ये इथेनॉलही असतं. ई२० पेट्रोल २०२३ पासून पंपांवर यायला लागलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी साचतात. रोज चालणाऱ्या गाडीत पेट्रोल बदलत राहतं, म्हणून फारसं जाणवत नाही. बिल्डिंगखाली महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीत जाणवतं. २०२० च्या लॉकडाऊननंतर अशा किती गाड्या गॅरेजमध्ये आल्या, ते कुठल्याही मेकॅनिकला विचारा.

लक्षण सोपं आहे. गाडी चालते, बंद पडते, पाच मिनिटांनी परत चालू होते. कार्ब्युरेटरची वाटी उघडली की तळाला तपकिरी भुकटी दिसते. अशा वेळी नुसता कार्ब्युरेटर साफ करून दिला, तर गिऱ्हाईक पंधरा दिवसांत परत येतं आणि म्हणतं, तुम्ही कामच केलं नाही.

आधी सेफ्टी, मग काम

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते. कारण पेट पेट्रोल घेत नाही, त्याची वाफ घेते, आणि रिकाम्या टाकीत वाफ आणि हवाच असते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते. त्यामुळे टाकी उघड्यावर रिकामी करा. शेजारी वेल्डिंग, ग्राइंडर, सिगारेट काही नको. आपल्याकडे एक गोष्ट हमखास विसरली जाते: संध्याकाळची दिवाबत्ती. देव्हारा दुकानातच असेल, तर टाकीचं काम त्या वेळी काढूच नका.

हातमोजे आणि चष्मा घाला. काढलेलं पेट्रोल घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा, त्यावर नाव लिहा. गटारात ओतायचं नाही.

कामाच्या पायऱ्या

१. टाकी गाडीवरून उतरवा. गिऱ्हाइकासमोर आतून-बाहेरून फोटो काढा. पेट्रोल कॉक आणि काट्याचा फ्लोट काढून ठेवा. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये पंप टाकीतच असतो, तो काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. भोकं रबरी बुचांनी बंद करा.

२. भांड्याचा साबण आणि पाणी टाकून तीन-चार वेळा धुवा. पेट्रोलचा चिकट थर राहिला तर ॲसिड गंजापर्यंत पोचतच नाही. वास पूर्ण जाईपर्यंत धुवा.

३. सुटा गंज काढायला थोडं पाणी ठेवून आत नट-बोल्ट टाका आणि टाकी हलवा. नट मोजून टाका, मोजून काढा. वीस टाकले आणि एकोणीस निघाले, तर तो विसावा शोधायला अर्धा दिवस जातो.

४. आता सायट्रिक ॲसिड, म्हणजे वाण्याकडे मिळतं ते लिंबूसत्व. एक लिटर पाण्याला साधारण ८० ग्रॅम. पाणी आंघोळीच्या पाण्यापेक्षा थोडं गरम घेतलं तर काम लवकर होतं. टाकी काठोकाठ भरा, नाहीतर वरचा गंज तसाच राहील. झाकण लावू नका. आत बुडबुडे येतात, त्या गॅसला बाहेर पडायला जागा पाहिजे. बाहेरच्या रंगावर ओघळ आला तर लगेच पाण्याने पुसा.

५. बारा ते चोवीस तास ठेवा, पण मध्ये-मध्ये टॉर्च टाकून बघा. गंज गेला की काढा. "अजून थोडं राहू दे" म्हणून ठेवू नका. गंज संपला की ॲसिड पत्र्याला लागतं. संडासच्या ॲसिडमध्ये हे फार जोरात होतं. शिवाय त्यातलं क्लोराइड सांध्यांमध्ये राहिलं तर गंज परत लवकर येतो. माझी टाकी अशीच गेली.

६. पाण्याने धुवा. मग दहा लिटर पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा घालून टाकी खळबळा, म्हणजे उरलेलं ॲसिड मरतं. परत स्वच्छ पाण्याने धुवा. बाहेर काढलेल्या ॲसिडच्या पाण्यातही फेस थांबेपर्यंत सोडा टाका.

७. बहुतेक जण इथे चुकतात. धुतलेला उघडा पत्रा काही मिनिटांत पिवळा पडायला लागतो. म्हणून चहाला जायचं ते टाकी सुकवून. पाणी निथळवा, थोडं स्पिरिट फिरवून ओता, मग मोकळ्या हवेत नुसती हवा मारून सुकवा. स्पिरिटही पेट घेतं, त्यामुळे त्यावर हेअर ड्रायर लावू नका.

८. सुकल्यावर पेट्रोलमध्ये थोडं टू-टी ऑइल मिसळून आतून सगळीकडे फिरवा. नवीन फिल्टर आणि झाकणाचं नवीन रबर लावा. कार्ब्युरेटर साफ करा. टाकी फुल भरून द्या.

व्हिनेगरनेही हे होतं, पण दोन-तीन दिवस लागतात. धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर वापरून करंटची पद्धतही आहे. त्यात टाकीला निगेटिव्ह जोडतात. वायर उलटी झाली तर टाकीच खाल्ली जाते, आणि हायड्रोजन गॅस निघतो. नवीन माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

नाही कधी म्हणायचं?

बाहेरून रंग फुगलाय, बोट दाबल्यावर पत्रा दबतो किंवा खालच्या जोडाला ओल दिसते, तर थांबा. कधी कधी गंजानेच भोक बुजवलेलं असतं. गंज काढला की ते उघडं पडतं. तिथे दोनच पर्याय: आतून पेट्रोल आणि इथेनॉल दोन्ही सहन करणारं कोटिंग, किंवा दुसरी टाकी. कोटिंग करायचं असेल तर आठव्या पायरीतलं ऑइल टाकायचं नाही, कारण तेलावर कोटिंग धरत नाही. आणि टाकीला वेल्डिंग? ते फक्त त्या कामाची माहिती असलेल्या माणसाकडे.

आता पैशाचं बोलू

आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुम्ही तुमच्या एरियाचे टाका. टाकी दहा लिटरची धरू.

सायट्रिक ॲसिड ८०० ग्रॅम: १६० रुपये
साबण, सोडा: ६०
स्पिरिट: ८०
फिल्टर, रबर: १००
माणसाचे तीन तास, १५० रुपयांप्रमाणे: ४५०
भाडं-लाइटचा वाटा: १५०

झाले १,०००. एखादं काम परत येतं, त्यासाठी १०० बाजूला. आपला नफा ४००. म्हणजे १,५०० रुपये. कार्ब्युरेटरचं काम वेगळं लिहा.

आता बघा, मी सहाशे का सांगितले होते? मी फक्त ॲसिडची बाटली मोजली होती. वेळ मोजला नाही, भाडं मोजलं नाही, धोका तर नाहीच नाही. पैसे कमी घेतले म्हणून काम लवकर उरकायचं होतं, आणि लवकर उरकायचं म्हणून जोराचं ॲसिड वापरलं. कमी रेटमुळे नफा गेला तो वेगळाच, पण कामाची पद्धतही त्यानेच बिघडवली. हे टाकीपुरतं नाही. केक बनवणाऱ्या ताईंना, शिवणकाम करणाऱ्यांना, सगळ्यांना लागू आहे.

जॉब कार्डवर एक ओळ

त्या दिवसापासून माझ्या जॉब कार्डवर हे छापलंय: "गंज काढल्यावर पत्रा पातळ असल्यास टाकी गळू शकते. अशा वेळी पुढचं काम ग्राहकाला विचारूनच केलं जाईल." काम घेण्याआधी हे मोठ्याने वाचून दाखवतो, मग सही घेतो. काही जण गाडी घेऊन निघून जातात. जाऊ द्या. जे थांबतात ते भांडत नाहीत.

या आठवड्याचा होमवर्क: तुमच्या धंद्यातलं एक काम घ्या आणि त्याचा खर्च असाच ओळीने लिहा. वेळ आणि धोका या दोन ओळी सोडायच्या नाहीत. मग आज तुम्ही सांगता तो रेट शेजारी लिहा. फरक दिसला, तर पुढच्या गिऱ्हाइकाला नवीन रेट सांगा.