मॉडेमवरचा सूचनाफलक

सुरुवात : १६ फेब्रुवारी १९७८, शिकागो. वॉर्ड क्रिस्टनसेन आणि रँडी सूस यांनी पहिली बुलेटिन बोर्ड सिस्टीम (बीबीएस) सुरू केली.

कशी चाले : एका घरातला संगणक, त्याला मॉडेम आणि फोनची लाइन. लाइन एकच असेल तर एका वेळी एकच माणूस आत. निरोप वाचायचा, उत्तर लिहायचे आणि पुढच्यासाठी लाइन मोकळी करायची.

वेग : ३०० बॉडला सेकंदाला सुमारे ३० अक्षरे. ८० बाय २५ चा पडदा भरायला मिनिटाहून जास्त वेळ लागे.

भारतात : अतुल चिटणीस यांनी १९८९ मध्ये बंगळुरूत 'सिक्स' ही बीबीएस सुरू केली. १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगमचे इंटरनेट सर्वांसाठी खुले झाले आणि बीबीएस मागे पडल्या.

मराठीची अडचण : साध्या संगणकाच्या पडद्यावर देवनागरी उमटत नसे, त्यासाठी पुण्याच्या सी-डॅकचे 'जिस्ट' कार्ड लागे. ते नसेल तर मराठी रोमन लिपीतच लिहावी लागे.

हिंगोलीहून : हा भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात होता, स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. वसमत किंवा कळमनुरीहून महानगरातली बीबीएस गाठायची तर एसटीडीचा मीटर फिरणार. रात्री अकरानंतरचा पाव दर हाच काय तो दिलासा.

आज : जेसन स्कॉट यांनी बीबीएसवरचे हजारो मजकूर जपले आहेत. आपल्याकडच्या जुन्या फ्लॉपींवरही असा मजकूर असू शकतो. त्या खराब होण्याआधी उतरवून घ्यायला हव्यात.