पाणी दिसते, पण हाताला लागत नाही!

कुठे मुक्काम करावा, चारा-सरपण कुठे मिळेल, हेही नकाशात असावे का? चार्ल्स प्रॉयस या जर्मन नकाशाकाराने ते आवर्जून नोंदवले. फ्रेमाँटच्या मोहिमांत तो स्वतः ती वाट तुडवून आला होता. मिसूरी ते ऑरेगन या वाटेचा त्याचा सात भागांचा नकाशा १८४६ मध्ये अमेरिकी सिनेटच्या आदेशाने छापला गेला. बैलगाडीत संसार घालून पश्चिमेला निघालेल्यांसाठी ती शिदोरीच!

स्नेक नदीकाठचा टप्पा सर्वांत खडतर, असे त्याने नकाशावरच बजावले. नदीत पाणी भरपूर, पण उभ्या कड्यांमुळे तिथवर उतरणे कठीण. ज्वालामुखीच्या खडकांवर गाड्या खिळखिळ्या होणार. जळणाला फक्त सेजची झुडपे. शिकार नाहीच. तिथले मूळ रहिवासी मात्र निरुपद्रवी, अशीही नोंद आहे. (भूमी त्यांचीच होती!)

त्याच वर्षी कॅलिफोर्नियाला निघालेल्या डॉनर तांड्याने रुळलेली वाट सोडून लॅन्सफर्ड हेस्टिंग्जच्या पुस्तकातली ‘जवळची’ वाट धरली. पुस्तक लिहिताना हेस्टिंग्ज त्या वाटेने गेलेलाच नव्हता! वासॅच डोंगरात झाडी तोडत गाड्या काढताना दिवस वाया गेले आणि पुढे सिएरा नेवाडात बर्फाने गाठले. ८७ पैकी जवळजवळ निम्मी माणसे दगावली.

रुळलेल्या वाटेवर, वायोमिंगमधल्या गर्न्सीजवळ, खडकात उमटलेल्या चाकोऱ्या आजही दिसतात. काही ठिकाणी त्या पाच फूट खोल आहेत.